व्यवसाय कर आणि जुनी पेन्शन : आपल्या संघटनांनी बोलायला हवं की नको?

भोसरीचा लेथवाला : छोटं वर्कशॉप आहे, नऊ कामगार. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून २०० रुपये व्यवसाय कर कापायचा, फेब्रुवारीत ३००. माझे स्वतःचे वर्षाला २,५०० वेगळे. रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ साली आलेला हा कर अजून चालूच आहे. व्यापारी २०१३ मध्ये एलबीटी या महापालिकांच्या स्थानिक कराविरुद्ध दुकानं बंद ठेवून बसले आणि ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल त्यातून सुटली. एकजुटीनं मागितलं की मिळतं. अर्थसंकल्पाआधी निवेदन द्या : व्यवसाय कर रद्द करा, आणि मार्च २०२३ च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपातली जुन्या पेन्शनची मागणी मान्य करू नका. तिजोरी एकच आहे.

खडूफळा : व्यवसाय कर जावा, माझाही कापला जातो. पण मी २००६ ला लागलेली शिक्षिका. शेजारच्या वर्गावरच्या बाई १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागल्या. त्यांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. माझ्या पगारातून नव्या पेन्शनसाठी दरमहा १० टक्के जातात आणि हातात किती येणार ते बाजार ठरवणार. वर्ग तोच, पोरं तीच. स्वतःचा कर माफ करून मागताना माझं म्हातारपण मध्ये कशाला आणता, दादा?

भोसरीचा लेथवाला : ताई, राग मानू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानं केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. २५ वर्षं सेवा झाली तर निम्म्या पगाराची हमी त्यात आहेच. माझ्या कामगाराला काय? ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कामगार पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर अडकलीय.

खडूफळा : त्या योजनेतही माझे १० टक्के कापले जाणारच. जुनीत एक पैसा जात नाही. हा फरक लहान नाही.

निवृत्त फिटर : ती ईपीएसची पेन्शन घेणारा मी. ३१ वर्षं मशीनवर काढली, महिन्याला १,७०० च्या आसपास येतात. रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या की निम्मे संपले. लेथवाले, आमचं नाव पुढे करून बाईंची पेन्शन अडवू नका. त्यांची थांबवली म्हणून माझी वाढणार आहे का? तुमच्या संघटनेनं किमान पेन्शन वाढवा म्हणून एक तरी कागद दिल्लीला पाठवलाय?

भोसरीचा लेथवाला : नाही पाठवला, काका. जुन्या पेन्शनला माझा विरोध कायम आहे, पण तुमचा प्रश्न खरा आहे. शनिवारी बैठक आहे. निवेदनात किमान पेन्शनचा मुद्दा व्यवसाय कराच्या वर घालायला लावतो. नाही घातला, तर माझी सही नाही.