सॅव्हटाजचा नाटकीपणा
कोणीतरी लिहिलंय की सॅव्हटाज या अमेरिकन हेवी मेटल (कडक रॉक) बँडमध्ये नाटकीपणा जास्त आणि मेटल कमी. मला नाही पटलं, अहो तीच तर त्यांची ताकद! मी इंदूरचा, लहानपणापासून घरच्यांबरोबर संगीत नाटकं बघितलेली, पदातून गोष्ट पुढे सरकते हे कानात बसलेलंच होतं, मग कॉलेजात असताना राजवाड्याजवळ पोहे खाता खाता मित्राने १९९१ चा 'स्ट्रीट्स' ऐकवला आणि पोहे तसेच राहिले. ड्रग्ज विकणारा पोरगा रॉकस्टार होतो, कोसळतो, अख्ख्या अल्बमभर एकच कथा! १९९३ मध्ये गिटारिस्ट क्रिस ऑलिव्हा कार अपघातात गेला तरी भाऊ जॉनने बँड बंद पडू दिला नाही, १९९५ ला बोस्नियाच्या युद्धावर 'डेड विंटर डेड' काढला, सर्ब मुलगा, मुस्लिम मुलगी आणि पडक्या शहरात चेलो वाजवणारा म्हातारा. त्यातलाच एक तुकडा पुढे ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा या त्याच मंडळींच्या दुसऱ्या बँडच्या नावाने अमेरिकेत दर ख्रिसमसला गाजतो, मूळ बँडचं नाव मात्र कोणी घेत नाही, याचं फार वाईट वाटतं. इंदूरात आम्ही चौघंच फॅन, दर १७ ऑक्टोबरला क्रिसच्या आठवणीत लाइट बंद करून एक अल्बम पूर्ण ऐकतो, मधे कोणी बोलत नाही.