पोरं शाळेला गेली, घर रिकामं, तरी काम पुढं सरकेना. घरातनं काम करणारे आई-बाबा कसं जमवता?

अनगोळ_अकाउंट्स

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात अनगोळमध्ये राहते, घरातनंच अकाउंट्स आणि जीएसटीचं काम बघते. उद्यमबागच्या (इथला कारखान्यांचा भाग) काही वर्कशॉपवाल्या पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईकं आहेत आणि एक पुण्याची फर्म. मुलगी चौथीत, मुलगा यंदा पहिलीला गेलाय. दोघं मराठी मिडियमला, १० ते ४ शाळा, शनिवारी सकाळची.

सुट्टीत दोघं घरात असताना काम होणार नाही हे धरूनच चाललेलं, पण आता शाळा सुरू होऊनही तीच गत आहे. १० ला त्यांना सोडून आले की भांडी, कपडे, तेवढ्यात गावाकडनं फोन, मग शेजारच्या काकू येतात, "पोरं गेली न्हवं शाळेला, आता मोकळीच की तू" म्हणत बसतात, त्या मोठ्या आहेत, प्रेमानं येतात, त्यांना उठा कसं म्हणायचं. त्यात नळाला पाणी यायचा दिवस असला की ते भरण्यातच दुपार. ४ ला पोरं परत. मग मुलीचा कन्नडचा होमवर्क, मला कन्नड बोललेलं समजतं पण वाचता येत नाही. ती झोपली की ९ नंतर मी लॅपटॉप उघडते आणि तेव्हा डोकं चालत नाही.

अजून एक म्हणजे आमच्या शाळा मे संपता संपता सुरू होतात आणि पुण्याच्या १५ जूनच्या आसपास. तिथला स्टाफ त्यावेळी रजेवर, त्यांचं काम माझ्याकडं येतं, नेमकं आमच्या वह्या-पुस्तकांच्या घाईत. आणि दसऱ्याला आमची पोरं मोठ्या सुट्टीवर घरात, तेव्हा पुण्यात सगळं जोरात चालू. ते मोठी सुट्टी दिवाळीला घेतात आणि दिवाळीत आमच्याकडं मोजकेच दिवस.

तुम्ही कसं करता? मला काम सोडायचं नाहीये, हे मी स्वतः उभं केलेलं आहे.

---

वडगाव_शिलाई

ताई, आधी हे १० ते ४ म्हणजे सहा तास असं धरूच नका. सोडून येणं, आणायला जाणं, आपलं जेवण, पाणी, हे काढलं की हातात साडेतीन-चार तास राहतात, आणि त्यातले पण पहिले दोनच खरे, कारण जेवल्यावर अंग जड होतं. मी ब्लाऊज आणि फॉल-पिको करते, जूनमध्ये तर युनिफॉर्मचा ढीग असतो, म्हणजे माझी पोरं शाळेला जायला लागली की माझं काम डबल. त्यामुळं मी कटिंग सगळं सकाळी करते, कापडाला कात्री लावताना कुणी बोलायला नको. बटण, हूक, तुरपाई हे पोरं समोर बसून अभ्यास करूलालेत तेव्हा.

आणि भांडी पडूदेत की. खरंच सांगते. भांडी घासताना पोरगी शेजारी उभी राहून पाढे म्हणू शकते पण ती शेजारी असताना मला मापाचा हिशोब जमत नाही. मग जे काम पोरं घरात असताना होतं ते त्यांच्यासाठी ठेवायचं, शांत वेळ त्याला द्यायचाच नाही. सासूबाईंना सुरुवातीला पटलं नव्हतं, सिंक भरलेलं बघून त्यांना अस्वस्थ व्हायचं, मी त्यांना सरळ म्हटलं आई १२ पर्यंत मला दुकानात गेलीय असं समजा. आता त्याच आलेल्या बायकांना सांगतात, सून कामात आहे, सांजचं या.

दाराला पाटी लावलीय, मापं आणि डिलिव्हरी ४ नंतर. कुणी रुसलं नाही. तुमच्या काकूंना पण वेळ देऊन टाका, ४ ला चहाला या म्हणा, पोरांशी पण बोलतील.

---

खानापूर_रेन_नेटवर्क

मी बाप माणूस आहे, बायको बेळगावला ड्युटीला जाते, मी घरातनं बेंगळूरच्या कंपनीचं सपोर्टचं काम करतो, त्यामुळं डबा, शाळा, दप्तर माझ्याकडंच. वडगावच्या ताईंचं पटलं पण आमच्या खानापूर तालुक्यात एक गोष्ट वेगळी, ती म्हणजे पाऊस. जुलैत कणकुंबी, जांबोटी साईडला असा कोसळतो की शाळेला सुट्टी जाहीर होते आणि ते आदल्या रात्री नाहीतर सकाळी डबा भरून झाल्यावर कळतं. म्हणून जून ते ऑगस्ट मी आठवड्याचं प्लॅनिंग पाच दिवसांचं करतच नाही, चार दिवसांचं करतो. ज्या आठवड्यात सुट्टी पडत नाही त्या आठवड्यात पुढचं काम ओढून घ्यायचं.

लाईटचं म्हणाल तर लॅपटॉपची बॅटरी असते, खरं अडतं ते राऊटरला. बहुतेक राऊटर १२ व्होल्टवर चालतात, त्याला छोटा डीसी यूपीएस (बॅटरीचा डबा) मिळतो, इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही, तेवढ्यावर दोन-तीन तास सहज निघतात. तुमच्या राऊटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात ते बघूनच घ्या. आणि मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा.

पुण्याचं जे तुम्ही म्हणता त्यावर माझा उपाय असा की जूनमध्येच शाळेकडनं वर्षाचं सुट्ट्यांचं कॅलेंडर घ्यायचं आणि फर्मला मेल टाकायचा, दसऱ्याची मोठी सुट्टी, गणपती, परीक्षा, सगळं. त्यांना कर्नाटकातल्या सुट्ट्या माहीत असायचं कारणच नाही. गणपतीत तर बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या दोन दिवसांत कुणाच्याच घरात काम होत नाही, ते पण लिहा. बदल्यात दिवाळीत त्यांचा स्टाफ सुट्टीवर असेल तेव्हा मी बघते म्हणून सांगा. हा सौदा त्यांना आवडतो.

---

टॅक्स_चिकोडी

मी पण याच लाईनीत आहे म्हणून फक्त कामापुरतं बोलतो. महिन्याची सगळी सकाळ सारखी नसते हो ताई. ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला २बी येतं म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची जीएसटी पोर्टलवरची यादी, २० ला ३बी म्हणजे महिन्याचा कर भरायचं रिटर्न. म्हणजे १४ ते २० मधल्या सकाळी सोन्याच्या, तेव्हा खरेदीची बिलं २बीशी जुळवायची असतात आणि त्याला सलग बसावं लागतं. त्या आठवड्यात बँक, भाजी, पाहुणे, डेंटिस्ट काही ठेवू नका. २१ नंतर दोन-चार दिवस मोकळे असतात, घरची राहिलेली कामं तिथं ढकला. व्हाउचर एंट्री पोरं शेजारी असताना पण होते. आणि पार्ट्यांना सांगा बिलं ५ तारखेच्या आत, फोटो काढून का असेना. वर्कशॉपवाले १० ला संध्याकाळी पिशवी घेऊन येतात, ती सवय तुम्हीच मोडायची.

---

निपाणीच्या_बाई

बाळ, मी शाळेत शिकवलंय, आता रिटायर आहे. बाकीच्यांनी कामाचं सांगितलं, मी लेकरांचं सांगते.

पहिलीचं लेकरू पहिले काही आठवडे ४ ला घरी येतं ते दमून येतं. दिवसभर आवाज, बाक, नवी माणसं. त्याला आल्या आल्या "काय शिकवलं" विचारू नको, खायला दे, पडूदे थोडा वेळ. ते नीट झोपलं तर संध्याकाळ शांत जाते आणि तुझी रात्र पण वाचते. पुष्कळ घरात संध्याकाळची रड असते ती अभ्यासाची नसतेच, भुकेची नाहीतर झोपेची असते.

कन्नडचं ओझं घेऊ नको. तुला वाचता येत नाही ही अडचण नाही, मुलीला मोठ्यानं वाचायला लाव, तू ऐक, तुला बोललेलं कळतं ना, मग अर्थ लागतोय का नाही हे तुला कळेलच. क ख ग चा क्रम आपल्यासारखाच आहे, फक्त कन्नडात ए आणि ओ चे ऱ्हस्व-दीर्घ दोन-दोन असतात, मराठी मुलं तिथं गोंधळतात. दुसरं म्हणजे जोडाक्षर, दुसरं अक्षर खाली लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात. अक्क, अम्म, अप्प असे सोपे शब्द रोज पाच लिहून घे. एवढ्या दोन जागा पक्क्या झाल्या की चौथीचं पुस्तक ती स्वतः वाचते. अर्धा तास बास. आणि ती शिकेल तसं तिनं तुला शिकवूदे, भिंतीवर बाराखडी लाव, तुझी पण होईल.

---

अनगोळ_अकाउंट्स

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. बाई, ते झोपेचं अगदी खरं आहे, माझा मुलगा ५ वाजता उगाच चिडचिड करतो, उद्यापासून आल्यावर आधी नाष्टा आणि पडणं.

१४ ते २० चं मी आजच कॅलेंडरवर लाल करून टाकलं. भांड्याचं थोडं जड जाईल कारण आमच्यात सकाळी ओटा स्वच्छ असल्याशिवाय सासूबाई देवपूजेला बसत नाहीत, तेवढा ओटा करते आणि बाकी ४ नंतर. पुण्याच्या फर्मला मेल लिहायला घेतलाय. खानापूरचे दादा, दिवाळीत मी बघते असं लिहिलं तर ते दरवर्षीच धरून बसतील का? आणि पाणी यायचा दिवस आणि २बीचा आठवडा एकत्र आला तर कोण काय करतं?

---

वडगाव_शिलाई

पाण्याचं आम्ही शेजारच्या दोघींनी वाटून घेतलंय, एकदा ती सगळ्यांचे बॅरल भरते, एकदा मी. काकूंना विचारून बघा की.

---

खानापूर_रेन_नेटवर्क

मेलमध्ये "यंदाच्या दिवाळीसाठी" असं स्पष्ट लिहा, आणि दसऱ्याच्या सुट्टीच्या तारखा त्याच ओळीत टाका, म्हणजे दोन्ही एकत्रच वाचले जातील.