‘मॉकिंगजे’ रद्दीत घालण्याआधी

शेवटचं पान
काल कुणीतरी निकाल लावून टाकला: ‘हंगर गेम्स’चे पहिले दोन भाग वाचा, तिसरा रद्दीत घाला, ‘मॉकिंगजे’मध्ये नायिका कॅटनिस नुसती खाटेवर पडून रडते. मला ही मालिका धड आवडतही नाही, तरी डोकं फिरलं. म्हणून हे लांबण.

माझ्या मते लबाडी पहिल्या भागात आहे. २४ मुलं एकमेकांना मारायला आखाड्यात, जिवंत परतणार एक. पण लेखिका कॉलिन्सबाई नायिकेचे हात किती जपतात बघा. तिच्या छोट्या साथीदार रूला मारतो दुसराच, मग त्याला बाण लागला की आपण टाळ्या वाजवायला मोकळे. फॉक्सफेस विषारी बोरं खाऊन आपणहून मरते. ज्याने कॅटनिसला जीवदान दिलं तो थ्रेश परस्पर संपतो. केटोला शेवटचा बाण म्हणजे दयाच. ज्याला मारताना खरोखर हात थरथरला असता, असं एकही मूल तिच्या वाट्याला येत नाही. आणि आपण रात्र जागून पानं उलटतो, अगदी राजधानी कॅपिटलमधल्या त्या रंगीत विगवाल्या प्रेक्षकांसारखे.

ही उधारी तिसऱ्या भागात वसूल होते. तिथे बंडखोरही स्वच्छ राहत नाहीत. मधला भाग मलाही ढकलत न्यावा लागला, हे कबूल. पण कंटाळवाणं आणि खोटं यांत फरक आहे.

घुबड
ग्लिमरला विसरलात. गांधीलमाश्यांचं पोळं कॅटनिसनेच पाडलं होतं.

शेवटचं पान
बरं, एक ग्लिमर तुमची. तीही ‘वाईट’ टोळीतलीच, हे विसरू नका.

बोरू
कथा राहू द्या बाजूला. ‘मी उठते, मी धनुष्य उचलते, मी घाबरते’ हे तीन पुस्तकं कोण सहन करणार? कादंबरी आहे की धावतं समालोचन? ‘डायव्हर्जंट’लाही हाच रोग. त्याच्या तिसऱ्या भागात अचानक नायकही ‘मी, मी’ करायला लागला, तेव्हाच ओळखलं की नायिकेचं काही खरं नाही.

घुबड
शेवट फोडल्याबद्दल आभार. पुस्तक २०१३चं आहे, म्हणून गप्प बसतो. पण वर्तमानकाळ मुद्दाम आहे हो. ‘मी धावले’ म्हटलं की धावणारी वाचली हे पहिल्याच पानावर कळतं.

बोरू
पुढचे दोन भाग दुकानात मांडलेले असताना कोणाला वाटत होतं की ती मरेल?

उलट तिसऱ्या भागाची वाट याच हट्टापायी लागली. सगळं तिच्याच डोळ्यांनी बघायचं, आणि बाई बेशुद्ध! तिचा साथीदार पीटा याला कैदेतून सोडवून आणतात तेव्हा ही मागे थांबलेली. कॅपिटल पडतं तेव्हा भाजून अंथरुणात. युद्धातल्या मोठ्या घटना पडद्याआड. सिनेमावाल्यांना निदान एवढं कळलं, सुटकेची मोहीम त्यांनी दाखवली तरी.

शेवटचं पान
सिनेमावाल्यांना एवढंच कळलं की एका पुस्तकाचे दोन सिनेमे होतात. एक २०१४ला, एक २०१५ला. तिकिटंही दोन.

घुबड
बोरू, युद्धात बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं. दुसरीकडे काहीतरी घडतं आणि आपण बातमीची वाट बघतो. कॉलिन्सबाई सहा वर्षांच्या असताना त्यांचे वडील व्हिएतनामला गेले होते. वाट बघणं त्यांना ठाऊक आहे.

बोरू
लेखिकेचं चरित्र आणलं म्हणून पान वाचनीय होत नाही. तुम्ही भक्त आहात, वाचक नाही.

घुबड
आणि तुम्हाला क्रियापदापलीकडचं दिसत नाही. शाळेत मराठीच्या पेपरात कुणी मार्क कापले होते का?

तळटीप
भांडा खुशाल. हा सगळा खेळ १९९९च्या जपानी ‘बॅटल रॉयल’ कादंबरीत येऊन गेलाय. तिथे वर्गात ४२ मुलं, इथे खेळात कोण जाणार ते ठरवणाऱ्या सोडतीत कॅटनिसचा मित्र गेल याच्या नावाच्या चिठ्ठ्या ४२!

शेवटचं पान
४२वरून चोरी सिद्ध? धन्य. हस्तलिखित देईपर्यंत ते नावही ऐकलं नव्हतं, असं बाईंनी सांगितलंय. विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू.

उंबरठा
मी यात पडणार नव्हते. भाऊ गेला त्या वर्षी ‘मॉकिंगजे’ वाचलं. मेलेल्या धाकट्या बहिणीचं, प्रिमचं मांजर उद्ध्वस्त जिल्ह्यातल्या घरी परत येतं आणि कॅटनिस त्याच्या अंगावर ओरडते की ती नाहीये, कशाला आलास. आमच्याकडे भावाच्या फोनचा गजर रोज पावणेसहाला वाजायचा. बंद करायला कुणाचा हात धजत नव्हता. एका सकाळी मी त्या फोनवर अशीच ओरडले. त्याआधी रडले नव्हते. ती ‘नुसती रडते’ म्हणणाऱ्यांना काय सांगू? आणि बोरू, भूतकाळात लिहिलं असतं तर ते मला इतकं जवळून ऐकू आलं नसतं.

बोरू
मांजराचं पान तुमचं. त्यावर बोलत नाही. मघाचा ‘भक्त’ही मागे घेतो. बाकीच्या पानांबद्दल मत तेच.

शेवटचं पान
एवढं व्याकरण झालं, पण मतदानाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कॅपिटलच्या मुलांचे शेवटचे खेळ भरवायचे का, असं बंडखोरांची प्रमुख कॉइन विचारते आणि कॅटनिस ‘हो’ म्हणते, प्रिमसाठी. मग कॅपिटलचा सत्ताधीश स्नो याच्यावर रोखलेला बाण कॉइनला घालते. ते ‘हो’ खरं होतं की डाव? मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. बोरू, तुमच्या वर्तमानकाळाचा खरा गुन्हा तिथे आहे: तीन पुस्तकं आपल्याला जिच्या डोक्यात बसवलं, ती ऐन वेळी मनात काय शिजतंय ते सांगत नाही.

बोरू
हा मुद्दा माझा होता. तुम्ही पळवलात.