कर्जाची मर्यादा आवळली की घरांचे भाव थंडावतात, ते कसे?

मिऱ्याबंदर:
घराच्या किमतीच्या अमुक टक्क्यांवर कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. यात हात आखडतो तो कमी पैसेवाल्याचा, मग भाव कसे थंडावतात? व्याजदर वाढवून भागत नाही का? आणि आपल्याकडे कोकणात, मुंबईकर येऊन जागा घेतात तिथे, याचा काही उपयोग?

हिशेबनीस:
हातात १० लाख आहेत असं धरा. बँक ९० टक्के देत असेल तर १ कोटीच्या घरापर्यंत बोली लावता येते. तीच बँक ८० टक्क्यांवर थांबली की बोली ५० लाखांवर येते. हप्ता परवडतो की नाही हा पुढचा प्रश्न. बोली लावणाऱ्या सगळ्यांचीच कुवत अशी घटली की बिल्डरला भाव रेटता येत नाही. व्याजदर वाढवला तर होडीवाल्यापासून कारखानदारापर्यंत सगळ्यांचंच कर्ज महागतं. ही मर्यादा फक्त घरांपुरती लागते.

आपल्याकडचे टप्पे कर्जाच्या रकमेवर आहेत: ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ३० ते ७५ लाख ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. यात एक गंमत आहे. ३३.३३ लाखांच्या घराला ३० लाख मिळतात आणि ३७.५० लाखांच्या घरालाही ३० लाखच, कारण ३० च्या वर गेलात की ८० टक्क्यांचा नियम लागतो. मधली सगळी वाढ खिशातून. ४० लाखांच्या फ्लॅटला ३२ लाख कर्ज, ८ लाख स्वतःचे. वर मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. घर १० लाखांपर्यंतचं असेल तरच हा खर्च किमतीत धरता येतो.

खरेदीखत:
हिशेब बरोबर, पण या मर्यादेत एक उणीव आहे. भाव वाढले की ८० टक्क्यांची रक्कमही आपोआप वाढते, म्हणजे तेजीच्या काळातच लगाम सैल. म्हणून आयर्लंडने २०१५ मध्ये टक्केवारीच्या जोडीला उत्पन्नाची अट घातली: वार्षिक उत्पन्नाच्या साडेतीन पट (२०२३ पासून पहिलं घर घेणाऱ्याला चार पट). सिंगापूरने २०१३ मध्ये सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं, २०२१ च्या डिसेंबरात ते ५५ केलं. पगार काही घराच्या भावामागे धावत नाही, म्हणून ही अट टिकते. आपल्याकडे हप्त्याचं प्रमाण ज्याची ती बँक ठरवते.

गळती कुठे होते तेही बघा. स्वतःचा हिस्सा पर्सनल लोन काढून किंवा पतसंस्थेतून उचलून भरला की मर्यादा कागदावरच राहते. पतसंस्था सहकार खात्याकडे, रिझर्व्ह बँकेकडे नाहीत. दुसरी युक्ती अॅग्रीमेंट फुगवण्याची. त्यावर उपाय म्हणून बहुतेक बँका अॅग्रीमेंटची रक्कम आणि आपल्या मूल्यांकनकाराचा आकडा यांतला कमी तो धरतात. तरी मूल्यांकन ढिलं असेल तर सगळंच वाहून जातं.

मिऱ्याबंदर:
मग कोकणाचं काय?

हिशेबनीस:
जिथे खरेदी कर्जावर होते तिथेच हे लागू पडतं. रत्नागिरी, चिपळूण, पनवेलमधल्या फ्लॅटना परिणाम होईल. गुहागर-मालवणच्या किनाऱ्यावर बिनशेती प्लॉट रोखीत घेणाऱ्याला बँकेची पायरीच चढायची नसते, त्याला टक्केवारीचं काय सोयरसुतक? तिथले भाव सातबाऱ्यावरच्या नावांनी, रस्त्याने आणि मुंबईच्या पैशाने ठरतात. उलट भीती अशी की भाव तोच उसळवतो आणि मर्यादेमुळे मागे पडतो तो गावातला पगारदार.

खरेदीखत:
बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एवढंच: बँकेकडून कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्याप्रमाणेच सुटायला हवी, २०१३ पासून तसा दंडक आहे. 'आधी सगळे पैसे सोडा, व्याज आम्ही भरतो' म्हणणाऱ्या बिल्डरकडे सही करण्याआधी आर्किटेक्टचा टप्प्याचा दाखला मागा.