मँटिसची पिल्लं: डब्यांआधी माश्यांची सोय

मँटिस (प्रार्थना कीटक) घरी वाढवणाऱ्यांना ‘पहिल्या दिवसापासून प्रत्येक पिल्लाला वेगळी डबी’ असा सल्ला दिला जातो. तो बरोबर असला, तरी एका अंडकोशातून (मादी फांदीवर चिकटवते त्या अंड्यांच्या पुंजक्यातून) शंभरावर पिल्लं निघाली की तो पाळणं अवघड. पहिली एक-दोन कात टाकेपर्यंत ती मोठ्या बरणीत एकत्र राहतात, फक्त आत काटक्यांची दाट गुंतागुंत हवी आणि पोटाला कमी पडता कामा नये. उपाशी पिल्लं एकमेकांना खातातच.

खाण्याचं मात्र त्या सल्ल्यात काहीच नाही. एवढ्याशा तोंडाला फळमाशीच लागते, आणि अंड्यापासून माशी व्हायला पंचवीस अंशांच्या आसपास साधारण १० दिवस जातात. म्हणून अंडकोश घरात आणला त्याच दिवशी पिकलेलं केळं बरणीत घालून उघडं ठेवा, माश्या आत आल्या की वर मलमल बांधा, दर आठवड्याला नवी बरणी लावा. पिल्लांच्या बरणीलाही झाकण मलमलीचंच. कात टाकताना पिल्लू त्याला पायांनी धरून उलटं लटकतं आणि जुन्या कातडीतून हळूहळू खाली सरकतं. गुळगुळीत प्लास्टिकवरून पकड सुटली तर पाय वाकडे होतात. पाणी बारीक फवाऱ्यानेच द्या, मोठ्या थेंबात ती अडकून मरतात. सगळी वाढवायचा हट्टही नको, अंडकोश जवळपासचाच असेल तर बरीचशी तिथल्याच झुडपांवर सोडून द्यावीत.