सेल्फ मारला की नुसतं टकटक? बाईकच्या बॅटरीचे तुमचे अनुभव लिहा

पाऊस लागला की आमच्या वागळे इस्टेटच्या गॅरेजांसमोर सकाळी ढकलत आणलेल्या गाड्यांची रांग. मेकॅनिक बटण दाबतो, रिले (सेल्फला करंट जोडणारा स्विच) टकटकतो, निकाल तयार: बॅटरी गेली, नवी घाला. माझ्या मते पुष्कळदा बॅटरी मरत नाही, तिला कुणीतरी मारतं. म्हणून 'कुठली कंपनी चांगली' एवढंच नको. गाडी रोज किती चालते, कुठे उभी असते आणि बॅटरी नेमकी कशाने बसली तेही लिहा.

माझं सांगतो. सेकंडहँड घेतलेली दीडशे सीसीची गाडी, १२ व्होल्ट ९ अँपिअर-अवरची बॅटरी. शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी सेल्फ मान टाकायचा. गॅरेजवाला नवी बॅटरी काढूनच बसला होता. मी आधी मल्टिमीटर लावला. चांगली भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ राहिली की १२.६ ते १२.८ दाखवते, माझी १२.२ वर. इंजिन चालू करून रेस दिली तर १४.२, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. मग गाडी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवली आणि वायर आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर करंटवर लावला. ४० मिलिअँपिअर! आधीच्या मालकाने बसवलेला चोर-अलार्म गाडी बंद असतानाही खात होता. २४ तासांत जवळजवळ एक अँपिअर-अवर, म्हणजे चार-पाच दिवसांत निम्मी बॅटरी साफ. अलार्म काढला, बॅटरी तीच आहे. (मीटर असा लावलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडतो.)

कोपरखैरणेकर
माझी स्कूटर घर ते स्टेशन, बस. सेल्फने ओढलेला करंट एवढ्याशा अंतरात भरूनच निघत नाही. त्यात एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचं बटणच नाही. आता सकाळी पहिल्यांदा किक मारते आणि रविवारी पाम बीच रोडवर एक लांब चक्कर. पामबीचला निमित्त मिळालं हा बोनस.

नेरुळचा जुना रायडर
धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. चार वर्षांच्या बॅटरीवर मीटर घेऊन संशोधन कशाला? सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती संपली, बदला. खरी फसगत विकत घेताना होते. बॅटरी दुकानात पडून पडूनही खराब होते, म्हणून उत्पादनाचा महिना विचारायचा आणि काउंटरवरच व्होल्टेज मोजून घ्यायचं. बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड सोडू नका. 'पूर्ण इतके महिने' म्हणतात त्यात बदलून देण्याचे किती आणि नुसत्या सवलतीचे किती, हे कार्डावर वाचा. जुनी बॅटरी दिली की पैसे कमी होतात. ती दुकानदाराकडेच द्या, आत शिसं आणि आम्ल असतं. जास्त अँपिअरची घेण्याचा मोह असेल तर आधी गाडीतल्या बॅटरीच्या ट्रेचं माप घ्या.

घोडबंदर रोड
माझ्याकडे जुनी, पाणी घालायची बॅटरी. दोन रेघांच्या मध्ये पातळी, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा फिल्टरचं चालणार नाही. ॲसिड वरून ओतायचं नसतं; उडतं ते पाणी. व्हेंटची (वाफ बाहेर सोडायची) रबरी नळी खाली लांब सोडलेली आहे ना बघा, नाहीतर आम्ल फ्रेमवर टपकून रंग खातं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आली की खाण्याच्या सोड्याचं पाणी, कोरडं पुसणं, घट्ट आवळणं, वर व्हॅसलिन. सोडवताना निगेटिव्ह आधी, म्हणजे पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी नाही.

खारघर
ज्यांची फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे त्यांनी धक्का मारून दमू नये. बॅटरी पार झोपली असेल तर पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) दोन्ही गप्प. स्पीडोमीटरचे दिवे मिणमिणत असतील तरच दुसऱ्या गिअरवर आशा.

ऐरोली
उलटी केस. बल्ब सारखे उडायचे, बॅटरी हाताला गरम. रेस दिल्यावर मीटर साडेपंधराच्या वर! रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला होता. तो न बदलता नवी बॅटरी घातली असती तर तीही उकडली असती.

कोपरखैरणेकर
गणपतीत आम्ही कोकणात जातो तेव्हा स्कूटर बरेच दिवस उभी. काय करावं?

धागाकर्ता
आधी पूर्ण चार्ज करा, मग निगेटिव्ह काढून ठेवा. आल्यावर लावायची. ज्या गाडीत डिजिटल घड्याळ आहे तिथे ते पुन्हा लावावं लागतं, एवढंच.