सोसायटी ग्रुप, रत्नागिरी : बांगडा आणि फोनवरचं ॲप

मंदाकाकू: मघाशी जेवलो नि तासाभरात ह्यांचं तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय. नातवाच्या अंगावर चट्टे. गेटवरचा बांगडा अजून कोणी घेतला?

राजू: काकू, आता फोनवर कळतं. फोटो काढा, ॲप सांगतं जंतू आहेत की नाही. लिंक टाकलीय.

विलासकाका: टोपलीत बर्फ होता का?

प्राची: राजूदादा, ती लिंक आधी काढा. जंतू १-२ मायक्रॉनचा, मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले एक-दोन. नुसत्या कॅमेऱ्याला दिसणारच नाही.

राजू: एआय आहे गो ते. पेपरात येतं ते काय खोटं?

प्राची: बातम्या खऱ्या आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी फोन वापरून पाण्यात नि दुधात ई. कोलाय हा जंतू ओळखला. पण फोनला वेगळं भिंग नि दिवे जोडून, जंतूंना चमकणारे कण चिकटवून. आता त्यात मशीन लर्निंग आलंय. खुणा केलेले ढीगभर फोटो दाखवून प्रोग्रामला शिकवतात. तरी अन्नाचा बारीक कण त्याला जंतू वाटू शकतो, म्हणून तसले कणही दाखवावे लागतात. लॅबमध्ये जंतू वाढवायला दिवस-दोन दिवस जातात, ते काही तासांत व्हावं म्हणून ही खटपट. ताटातल्या तुकडीचा फोटो काढून काही कळत नाही.

सुनीताताई: गेटवर मासळी नको, हे मी मीटिंगमध्ये बोलले होते. तेव्हा सगळे हसलात.

राजू: ताई, तेव्हा तुमची तक्रार वासाची होती.

सुनीताताई: वासाचीही होती. असो. ज्याचं त्याला.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक नको. टाकी धुण्याचे पैसे अजून काही फ्लॅटचे बाकी आहेत.

बाबू: टाकीचाही फोटो टाका साहेब, राजूचं ॲप बघेल 😀

विलासकाका: बर्फ होता का? कोणी सांगेल का?

मंदाकाकू: नव्हता हो भावोजी. ऊन चांगलंच वर आलेलं. पण मी कुरकुरीत तळला होता!

प्राची: काकू, तळून उपयोग नाही. बांगडा, कुपा असले मासे बर्फाविना राहिले की जंतू मांसात हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार करतात. तव्यावर जंतू मरतात, हिस्टामाइन तसंच राहतं. तुमच्याकडचं तसलंच वाटतंय. दोघांना आत्ताच डॉक्टरकडे न्या, बांगडा खाल्ल्याचं सांगा. श्वास लागला तर थेट सिव्हिल.

बाबू: काकू, गाडी काढतो. खाली या.

विलासकाका: म्हणून मगापासून बर्फ बर्फ करतोय. मासळी उतरल्यापासून घरात येईस्तोवर बर्फात हवी.

राजू: लिंक काढली. काकू, काही लागलं तर मलाही फोन करा.

प्राची: उरलेला बांगडा टाकू नका. पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, तपासायला द्यायचा तर लागेल.

मंदाकाकू: मांजराला घातला गो.

प्राची: मग मांजरावरही लक्ष ठेवा. अजून कोणाकडे आहे?

शुभांगी (सी विंग): आमच्याकडे दोन आहेत, कच्चेच. फ्रीझरमध्ये टाकते.